गेममधले अण्णा

आमच्या ऑफिसात दोन गोष्टींचा पत्ता लागत नाही. डब्यांची झाकणं कुठे जातात आणि किस्से कुठून येतात! आम्ही पाच जण इंदिरानगरात, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर मोबाइल गेम बनवतो. दोन वर्षं खपून कबड्डीचा गेम बनवला. गेम बाजारात आणणारी मुंबईची कंपनी म्हणाली, "गेम छान आहे. पण एखादा मोठा खेळाडू आणा, त्याचा चेहरा लावा. नाहीतर रिलीज विसरा." तिथून जे किस्से सुरू झाले ते थांबायचं नावच घेईनात.

* * *

आमचे बॉस मिलिंद सर. ते म्हणाले, "क्रिकेटर आणू."

मार्केटिंग मी बघते, म्हणून विचारलं, "सर, कबड्डीच्या गेमवर क्रिकेटर?"

"अगं, लोक चेहरा बघून डाउनलोड करतात. आत काय आहे ते कोण बघतंय!"

केला फोन एका क्रिकेटरच्या मॅनेजरला. तो अगदी गोड बोलला. म्हणाला, "सरांचा पूर्ण चेहरा हवाय की नुसता साइड फेस? दोन्हीचे रेट वेगळे आहेत."

सरांनी फोन ठेवला. "आपला कबड्डीवालाच बरा!"

* * *

मग नांदगावचे अण्णा सापडले. एके काळचे नावाजलेले रेडर, देशासाठी खेळलेले. गुडघा मोडला आणि खेळ सुटला. आता शाळेतल्या पोरांना शिकवतात. अजूनही बाजारात निघाले की माणसं चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. आम्हाला लगेच हो म्हणाले. फक्त करारावर सही करेनात.

"फोटो काढा, आवाज घ्या, काय पायजे ते घ्या. पण सही मायला इचारल्याबिगर नाय."

"मग विचारा ना, अण्णा!"

"लय धीर लागतो त्याला, ताई."

गुडघा मोडल्यापासून त्यांच्या आईनं घरात कबड्डीचं नाव काढू दिलं नव्हतं. टीव्हीवर मॅच लागली तर सरळ मेन स्विच बंद! आणि इकडे मुंबईच्या कंपनीनं महिनाअखेरची मुदत दिलेली. तोवर सही आली नाही, तर आमची दोन वर्षं पाण्यात.

* * *

चेहरा स्कॅन करायला अण्णा ऑफिसात आले. आमचा प्रोग्रामर फैजान, मालेगावचा. तो म्हणाला, "अण्णा, मी सांगेपर्यंत बिलकुल हलायचं नाही." आणि कॅमेरा घेऊन त्यांच्याभोवती फिरायला लागला. थोड्या वेळानं बघते तर अण्णांचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ!

"अहो अण्णा, श्वास घ्या!" मी ओरडलेच.

त्यांनी भला मोठा श्वास सोडला. "मग तसं सांगायचं ना, ताई!"

गेममधले अण्णा अजूनही जरा लालसरच दिसतात.

* * *

गेममध्ये प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी मार्क असतात. मोठे खेळाडू आपले मार्क बघून भांडायला उठतात असं ऐकलं होतं, म्हणून फैजाननं घाबरून अण्णांना आधीच पंच्याण्णव देऊन टाकले होते. अण्णांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि एका जुन्या बचावपटूवर बोट ठेवलं.

"याला बहात्तरच?"

"अण्णा, तो तर तुमचा दुश्मन ना?"

"आरं, त्यानं मला चारदा धरलंय! बहात्तरवाल्यानं धरलं म्हणल्यावर माझी काय इज्जत राह्यली? वाढव!"

फैजान वाढवत गेला, अण्णा हसेपर्यंत.

* * *

पिंपळगाव बसवंतला हायवेजवळ आम्ही एक ट्रायल फ्लेक्स लावला. अण्णा हात जोडून उभे, खाली मोठ्या अक्षरात, "आपला माणूस, आपला खेळ!" ओळ माझीच, मला फार आवडली होती. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन.

"ताई, तुम्ही मला कशाला उभं केलंय? सकाळपासून अकरा फोन आले, 'अण्णा, कुठल्या वॉर्डातून?'"

मी शंभरदा माफी मागितली.

"ते जाऊ द्या. एका गल्लीत आठ दिवस पाणी नाय म्हणे. मी जाऊन बघून येतो."

आणि गेले की! पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या दारात बसून पाणी सुरू करून आले. आमच्या गेमची चौकशी मात्र एकानंही केली नाही.

* * *

महिन्याचे तीन दिवस उरले. अण्णांना काही धीर होईना, म्हणून शेवटी मीच फैजानला घेऊन नांदगावला गेले. अण्णांच्या आई, म्हणजे आमच्या आजी, ओट्यावर कांदे निवडत बसल्या होत्या. सहा फुटांचे अण्णा दाराआड उभे! मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मोबाइल पुढे केला.

आजींनी स्क्रीन डोळ्याजवळ नेली. "ह्यो आमचा हाय?"

"हो आजी. बोट लावाल तिकडे जातो."

"आन् समोरची ही सात माणसं?"

"ती त्याला धरतात," फैजान बोलून गेला. मी त्याला कचकून चिमटा काढला.

रेड सुरू झाली. खेळायचं म्हणजे अण्णांना मधल्या रेषेपलीकडे पाठवायचं. आजींनी बोट लावलं आणि त्यांना मागे ओढलं. पार आपल्या बाजूच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. वेळ संपला, समोरच्यांना पॉइंट. पुन्हा अण्णांची पाळी, पुन्हा तोच कोपरा.

"आजी, पुढे पाठवा ना," फैजान कळवळला. "हरतोय आपण!"

"हरू दे."

स्कोअर झाला अठरा-शून्य! आता दाराआडच्या अण्णांनाही राहवेना. ते बाहेर आले. "माय, एकदा तरी जाऊ दे की त्याला!"

आजींनी बोट कोपऱ्यातून हलवलं नाही. मॅच संपली. गेममधले अण्णा कोपऱ्यात उभे होते, धडधाकट. आजींनी पदरानं स्क्रीन पुसली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि अण्णांकडे बघून म्हणाल्या,

"कर सही. ह्यो ऐकतो माझं."