शेटजींची ढेरी घेऊन पनवेलला

नाशिकहून पनवेलची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेलं अडेनियम होतं. ज्यांना हे झाड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: वर चार फांद्या, गुलाबी फुलं आणि खाली मातीबाहेर टेकलेली गलेलठ्ठ ढेरी, जिच्यात ते पाणी साठवतं. माझ्या झाडाचं नाव शेटजी. आठ वर्षं जपलेल्या शेटजींची ढेरी त्याआधीच्या आठवड्यात एका बाजूने पिकल्या केळ्यासारखी मऊ लागली आणि माझं जेवणावरून मनच उडालं.

पनवेलच्या झुबेदाखालांशी ओळख झाडवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटातली. त्यांनी कळवलं, "फोटोत दाबून बघता येत नाय. घेऊन ये." म्हणून निघाले.

शेजारच्या बाईंनी दुपट्याकडे कौतुकाने पाहत विचारलं, "किती महिन्यांचं?"

"आठ वर्षांचं," मी म्हणाले. त्या उठून मागच्या सीटवर गेल्या.

खालांच्या गच्चीवर पाऊल टाकलं आणि मला हसूच फुटलं. पत्र्याखाली ढेऱ्याच ढेऱ्या! जणू जेवणावळ आटोपून सगळी मंडळी जरा टेकलेली. या झाडांचे वाडवडील ओमानमधल्या सलालाहच्या डोंगरातले. खालू (खालांचे यजमान) तिकडे नोकरीला होते. "लोक आखातातून सोनं आणतात, आमच्यांनी बिया आणल्या," खाला म्हणाल्या.

मग त्यांनी हातमोजे चढवले, कारण याचा चीक विषारी, आणि शेटजींची ढेरी अंगठ्याने दाबली.

"पाणी किती घालतेस?"

"रोज. थंडीतसुद्धा."

"तोबा तोबा! अगो, हा उंट हाय. तू त्याला म्हैस समजलीस!"

सुरी चालू लागली. तपकिरी लगदा निघतच राहिला. मला बघवेना, मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

"जगेल ना हो?"

"पांढरा गर लागला तर जगेल."

बराच वेळ नुसती खरखर. मग आरोळी आली, "पांढरा!" मी धावत जाऊन खालांना मातीसकट मिठी मारली. जखमेवर हळद फासून त्यांनी शेटजींना मुळं वर करून कपड्यांच्या दोरीला टांगलं. खालूंनी सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या) आणि नारळाचं दूध पुढे ठेवलं. किती खाल्ली ते विचारू नका.

"घरी जाऊन आठवडाभर असाच टांग," खालूंनी बजावलं. "मग कोरड्या रेतीत लाव. पान फुटून मोठं होईपर्यंत पाणी नाय. दया आली तरी नाय."

परतीच्या एसटीत शेटजी सामानाच्या रॅकला उलटे लोंबत होते. "हे काय, ताई?" कंडक्टरने विचारलं. मी म्हटलं, "पेशंट. डिस्चार्ज मिळालाय." तो पुढे सरकला.

घरी त्यांना पाळण्याच्या कडीला टांगलं, मग रेतीत बसवलं. तेव्हापासून मी रोज तांब्याकडे पाहते आणि हात मागे घेते. माया करायची म्हणजे काहीतरी ओतायचं, एवढंच मला येत होतं. हात आवरायला पनवेलला शिकले, आणि ते फार अवघड आहे हो.

आज सकाळी फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं दिसलं! ओरडून सगळं घर उठवलं, धावत जाऊन तांब्या भरून आणला, कुंडीवर कललाही. तेवढ्यात खालूंचं "दया आली तरी नाय" आठवलं. शेटजींसमोर उभी राहून ते सगळं पाणी मीच घटाघटा प्यायले.