फोटोमागची रांग

गेल्या मे महिन्यात धुळ्याकडच्या गावी आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, गेले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. सकाळी चहा घेताना ओसरीच्या भिंतीवर मोठ्या काळ्या मुंग्यांची रांग दिसली. आईआबांच्या लग्नाच्या फोटोमागून निघून ती उंबऱ्याकडे चालली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. आईचा घरात तेवढाच एक फोटो, म्हणून मी झाडू उचलला, तर आबा ओरडले, "हात नको लावू! मुंग्यास्नी अंडा काढ्यात. दोन दिनमा पानी येई."

मुंग्यांनी अंडी हलवली की पाऊस येतो, यावर आमच्याकडे हवामान खात्यापेक्षा जास्त भरवसा. आबा तर पावसाआधीच्या धूळपेरणीचं बियाणं काढायला उठलेसुद्धा.

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. जित्याची खोड! पर्समधलं भिंग काढून पाहिलं, तर अंड्यांना पाय होते. ती वाळवी होती.

मला भलताच आनंद झाला. लोक वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुळात झुरळाच्या कुळातली. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीला कंबरच नाही. मुंगी उन्हात राजरोस फिरते, वाळवी मातीचं छप्पर करत पुढे सरकते. वारूळसुद्धा बहुतेक वेळा तीच बांधते, नाव मात्र मुंग्यांचं. आणि ही काळी मुंगी तिची शिकार करते. वर्गात सांगावं तसं मी आबांना सांगत सुटले.

आबा ऐकत नव्हते. ते फोटोकडे बघत उभे होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: वाळवी फोटोमागून निघतेय, म्हणजे ती फोटोच खातेय. माझी मलाच लाज वाटली.

स्टुलावर चढून फोटो उतरवला. लाकडी चौकट बोटांखाली दबली. समोरून सगळं शाबूत दिसत होतं, पण वाळवी वरचा पापुद्रा ठेवून आतून खाते. खाली बसून काच सरकवली आणि अर्ध्या फोटोचा भुगा माझ्या मांडीवर सांडला.

आबांनी डोळे घट्ट मिटले होते.

"कोनी बाजू खादी?"

"तुमची," मी म्हणाले. "आई आहे."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की भुगा उडाला.

"मंग बरं," ते पायाखालच्या ओसरीकडे बोट दाखवत म्हणाले. "मी ते आठेच शे."