भिवाची बैठक

साधारण १८८० सालची गोष्ट. कळव्याच्या खाडीकाठी भिवा आगरी राहायचा. गावची भातशेती खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा बांध त्याच्या देखरेखीखाली होता. खेकड्यांची बिळं बुजव, खचलेली कड लिंप, यातच त्याची चाळिशी उलटली. अशा माणसाला आपण कामापुरती हाक मारतो आणि काम झालं की विसरतो. म्हणून हरिहरपंत आपणहून त्याच्याकडे आले, तेव्हा तो हरखून गेला.

पंत ठाण्याच्या कचेरीतले पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. तीस वर्षं पक्षकारांची भांडणं ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांना बांधावर एकांतात बसायला जागा हवी होती. "कशी करायची ते तूच ठरव," ते म्हणाले. असं भिवाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने जीव ओतला. करंजाच्या सावलीत दगडी ओटा, वर पेंढ्याचं छप्पर, तिन्ही बाजूंना कुडाच्या भिंती, बाहेर केवड्याचं कुंपण. कुणाची नजर पडायला नको. समोर मात्र खाडीच्या चिखलात वाढलेल्या तिवरांच्या झाडांची दाटी, त्यामुळे पाणीच दिसेना.

"तिवरा हायत म्हनून बांद हाय, पंत," भिवा म्हणाला.

"मग राहू दे," पंत म्हणाले.

पंतांनी बिचाऱ्यांनी विषय सोडला, भिवाला सोडवेना. इथे मला त्याचा संताप येतो. बैठक अपुरी राहिली, हे त्याला सलत होतं. चैत्रात त्यानेच कोयता उचलला, दहा हात तिवरं तोडली आणि कुणाला दिसू नयेत म्हणून खुंटांवर चिखल थापला. पंतांनी खाडी पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले.

ज्येष्ठात लाटा थेट मातीला लागू लागल्या. भिवा रोज लिंपायचा, रोज ते वाहून जायचं.

"सारा बांद सोरून रोज तिथंच काय लिंपता?" बायकोने, गोदाने, विचारलं. तो तिच्यावर खेकसला.

आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. भातरोपांची आवणी नुकतीच उरकली होती. बैठकीखाली, बांधाच्या शेताकडच्या अंगाला, बोटाएवढी धार लागली. अशा वेळी हाकाटी द्यायची. सारा गाव पेंढा नि चिखल घेऊन धावतो आणि बांध वाचतो. भिवाने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण गाव इथे आला असता तर तिवरं तोडल्याचं उघडं पडलं असतं.

त्याने छपराचा पेंढा ओरबाडून भोकात कोंबला. धार मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. तो ओरडला तेव्हा ओटा ढासळत होता. माणसं पोचेपर्यंत खाडी शेतात शिरली होती. आता तीन वर्षं तिथे भात होणार नव्हता.

खुंटांसकट काठ वाहून गेला होता. कुणाला काहीच कळलं नाही. म्हाताऱ्या राघो पाटलाने चिखलाने माखलेल्या भिवाला पोटाशी धरलं. "एकला पान्याशी भिरलास रं," तो रडत म्हणाला, आणि नव्या बांधाची राखणही सगळ्यांसमक्ष त्याच्याकडेच दिली.

भिवाने मान खाली घालून हो म्हटलं.