झाडाकडे तोंड करून

परवा रविवारी मी एका ओकच्या झाडाखाली मान वर करून उभी होते, आणि वर माझा नवरा त्या झाडाला घट्ट मिठी मारून होता...

नीट सांगते. सुनील हरणांची शिकार करतो. लायसन्स आहे, शेतकऱ्याची परवानगी आहे. इथे इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलहून साउथहॅम्प्टनकडे जाताना एक शेत लागतं, तिथे हरणं इतकी वाढली आहेत की नव्याने लावलेलं एकही रोप धड राहत नाही. ते मांस आमच्याच फ्रीझरमध्ये येतं आणि मी त्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून चवीने शिजवते. तेव्हा 'मला बाई हे मारणं आवडत नाही' असं म्हणायचा मला कितपत अधिकार आहे, हे मी अधूनमधून स्वतःला विचारते. उत्तर अजून मिळालेलं नाही...

मागच्या हिवाळ्यात तो हाय सीटवरून पडला. हाय सीट म्हणजे झाडाला टेकवलेली शिडी आणि वर बसायला फळी. फळी ओली होती, पाय घसरला, खांद्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळून आलं, पण तो पुन्हा शेतावर गेला नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "मेधाला भीती वाटते रे." ते खोटं नव्हतंच. त्यामुळे मीही हसून मान डोलवायचे...

मग नितीनने अमेरिकेहून झाडावर बसायचं एक सॅडल आणलं. नितीन म्हणजे सुनीलचा ऑफिसमधला मित्र, पुण्याचा, शिकारीतला जोडीदार. सॅडल म्हणजे कमरेखाली बसणारा एक रुंद पट्टा आणि मांड्यांना दोन पट्टे. समोरून दोर झाडाला बांधायचा, पाय एका छोट्या पायरीवर टेकवायचे आणि दोरावर भार टाकून मागे रेलायचं. हाय सीटवर झाडाकडे पाठ असते, इथे तोंड. आणि जमीन सोडल्यापासून परत खाली येईपर्यंत माणूस सतत दोराला बांधलेला. पडायचा प्रश्नच नाही, असं नितीनचं म्हणणं.

मी एकच अट घातली. पहिल्यांदा माझ्यासमोर, आणि रायफल घरी ठेवून.

सुनीलने ते चढवलं तेव्हा लंगोट लावून आखाड्यात उतरल्यासारखा दिसत होता. झाडाभोवती दोर गुंडाळायला लागला तसा नितीन म्हणाला, "वहिनी, वटपौर्णिमेला बायका गुंडाळतात ना? तुमच्याकडे नवऱ्यालाच व्रत दिसतंय!"

"हो, फक्त सात जन्मांचं त्याला विचारून घ्या आधी," मी म्हटलं. तिघंही हसलो.

सुनील पायऱ्या बांधत बांधत वर गेला. आमच्या बेडरूमच्या खिडकीइतक्या उंचीवर थांबला, वरचा दोर बांधला, तपासला, पुन्हा तपासला.

"झालं. आता हात सोड आणि मागे बस," नितीन खालून म्हणाला.

तो बसला नाही. दोन्ही हातांनी खोड धरून राहिला.

"सुन्या, मागणी घालतोयस का झाडाला?"

"थांब रे." आवाज वेगळाच आला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मेधा... तुला भीती वाटतेय का? तू म्हणालीस तर उतरतो."

'उतर' हा शब्द माझ्या ओठांवर होता. वर्षभर मी तो तयारच ठेवला होता. एवढं म्हटलं की सगळं संपलं असतं, पट्टा नितीनला परत, शिकारीचा शनिवार घरात...

पण त्याचा चेहरा बघितला आणि लक्षात आलं, हा माझी भीती विचारतच नाहीये. त्याची भीती मी माझ्या नावावर घ्यावी, एवढंच त्याला हवंय.

"मला वाटतेच भीती," मी म्हटलं. "ती माझी मी बघेन. तू उतरलास तरी चालेल, लटकलास तरी चालेल. पण माझं नाव नको सांगूस."

बोलले आणि लगेच वाटलं, मी त्याला डिवचलं तर नाही ना? इरेला पेटून त्याने काही केलं तर?

मान पुन्हा झाडाकडे वळवून सुनील बोलला. आमच्याकडे त्याची पाठ होती, त्यामुळे झाडालाच सांगितल्यासारखं... "मला भीती वाटतेय."

"मग ये ना खाली," नितीन अगदी हळू म्हणाला. "झाड कुठे पळून जातंय?"

तो आला नाही. आधी एक हात सुटला, मग दुसरा. दोर करकरला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो चक्क मागे रेलून अधांतरी बसला होता, झोळीतल्या बाळासारखा, दोन्ही हात मोकळे.

"अगं, खुर्चीपेक्षा बरं आहे हे!" तो वरून ओरडला. त्या ओरडण्याने आसपासची सगळी हरणं पार पुढच्या गावात गेली असतील...

परतताना गाडीत तो त्या पडण्याबद्दल बोलला. श्वास कसा अडकला होता, हाक मारायला आवाज कसा फुटत नव्हता, आणि वर ती रिकामी फळी दिसत होती. एका घरात राहून यातलं मी काहीही ऐकलेलं नव्हतं. त्याची भीती स्वतःवर घेऊन मी त्याला आधार देतेय, असं मला वाटत होतं... खरं तर त्याला बोलायची गरजच मी उरू दिली नव्हती.

या शनिवारी तो रायफल घेऊन जाणार आहे. मी नको म्हटलेलं नाही, जा असंही म्हटलेलं नाही. दुपारपर्यंत मोबाइल हातात घेऊन टेक्स्टची वाट बघेन, हे त्याला माहीत आहे.

भीती दोघांनाही वाटतेय, पण आता ती जिची तिच्याकडे आणि ज्याची त्याच्याकडे आहे. एवढ्यासाठी त्या ओकचे मनापासून आभार...