घागरीची कावीळ

तानुबाई माही मावशी. माय लहानपनीच गेली म्हून मले तिनंच वाढवलं, अकोटात, माळ्यायच्या वस्तीत. आमचं वांग्या-सांभाराचं, म्हंजे कोथमिरीचं, वावर होतं, पन मावशीचं नाव चार गावात होतं ते काविळीच्या माळेसाठी. आताच्या पोट्ट्यायले सांगतलं तं हासतात. हासा लेकहो. तुमचे डोळे पिवळे झाले का मंग पाहू.

घेटुळीच्या, पुनर्नवा म्हनतात तिच्या, ओल्या मुळाचे पेराएवढे तुकडे ती सुतात गाठी मारून गुंफे, अन् मूळ उगाळून पाजेबी. माळ एवढी आखूड का डोक्यावर टोपीवानी बसे. दिवस जात तशी ती लांबत जाये, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. बेंबीपाशी आली का कावीळ उतरली, असं सारे धरून चालत. मानूस उठून कामाले लागे. बरा झालेला मानूस माळ आनून आमच्या दारच्या निंबाले बांधे. त्या निंबाची एकबी फांदी रिकामी नोती. मले आजबी तो निंब दिसते. मावशी खाली बसून सूत वळून राहिली, अन् मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. ते सुख मंग मले कुठीच भेटलं नाई, बाप्पा.

मंग कापसाले सोन्याचा भाव आला. दूर कुठी गोऱ्यायची आपसात लढाई लागली म्हून आमच्या पऱ्हाटीले दिवस आले, असं म्हनत. जो तो वांगे उपटून पऱ्हाटी लावे. रस्त्यानं बैलायच्या बंड्याच बंड्या, पार अमरावतीच्या बाजारापर्यंत. मावशीचा एकुलता एक लेक सहदेव, चोवीस-पंचवीसचा, तोबी बंडी हाकाले लागला. मोठा गमत्या. अमरावतीहून माह्यासाठी बांगड्या आने अन् म्हने, "पार्बते, तुह्या हातात नाई जानार, लय जाडी झाली तू." बांगड्या बरोबर बसत.

पौषात त्याचे डोळे पिवळेधम्मक झाले. मावशीनं माळ घातली. अकराव्या दिवशी माळ बेंबीले टेकली. अंगात कस नोता, घास गळ्याखाली जात नोता, लघवी अजून पिवळीच होती. तो म्हने, "माय, पाय उचलत नाई." पन मावशीचा माळेवर भरोसा. म्हने, "उतरली तुही कावीळ. जाय बापा, बंडी भरून उभी आहे." तो गेला. दर्यापुराजवळ बंडीतच आडवा झाला. बैल वळवून त्याले घरी आनलं, अन् तिसऱ्या दिवशी संपला. माळ त्याच्या गळ्यातच होती. त्याच्यासंगच जळली.

मावशी रडली नाई. महिनाभर निंबाकडं पाहत बसे. एक दिवस मले म्हने, "पार्बते, बरे झाले त्यायच्या माळा इथी हायेत. मेले त्यायच्या कुठी हायेत?"

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर हिंडाले लागली. ज्यायनं माळ नेली पन निंबाले बांधाले आले नाई, त्यायच्या दारात जाऊन इचारे, "तुमचा मानूस हाये ना?" लोकायले वाटलं, लेकाच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मीबी तिच्यासंग भांडली. लाज वाटे मले, खोटं काहून सांगू. सात घरात तिले 'नाई' ऐकाले भेटलं. त्यातल्या पाचायची माळ बेंबीपर्यंत आलती.

पुढच्या उन्हाळ्यात मीच पिवळी पडली. माहं लग्न ठरलं होतं, अकोल्याच्या वामनरावच्या लेकासंग. मावशीनं एकाच मुळाच्या, एकाच बैठकीत दोन माळा केल्या. एक माह्या डोक्यावर घातली. दुसरी मातीची घागर उपडी करून तिच्या बुडावर. मले असा राग आला! म्हटलं, "माही अन् घागरीची बरोबरी करून राहिली काय?" ती घागरीवरची माळ सारखी करत राहिली.

बाराव्या दिवशी माही माळ बेंबीले आली. घागरीची तं पोटावरून घसरून भुईवर पडली होती. त्याच दिवशी वामनराव आले. माळ पाहून म्हने, "पोरगी बरी झाली. मांडवाचं पाहा आता."

मावशी त्यायले हात धरून घागरीपाशी घेऊन गेली. "मंग हेबी बरी झाली म्हना," म्हने. "मूळ वाळते, गाठी ढिल्या होतात, माळ लांबते. खाली मानूस असो का मडकं."

वामनराव तापले. "मंग इतके साल लोकायले काहून फसवलं?"

"फसवलं नाई जी. मीच फसली, लेक देऊन फसली. पन हे पोरगी मी उठू देनार नाई. डोळे पांढरे होईपर्यंत नाई. लग्न मोडलं तं मोडू द्या."

मोडलंच. वामनरावनं जाता जाता ते बोलनं गावभर केलं. त्याच्यानंतर आमच्या दारात कोनी माळ मागाले आलं नाई. मी अजून महिनाभर पडून होती. मावशी रोज सकाळी मले दारात उजेडात बसवे, पापनी वर करून पाहे, अन् ताक-कन्या खाऊ घाले. मी तिले मनातल्या मनात शिव्या देत होती. जीव वाचून राहिला होता, हे मले तवा काय समजनार?

आंगनात पयल्यांदा आपल्या पायानं गेली, त्या दिवशी म्या तिले इचारलं, "मावशी, मंग घेटुळीत गुन आहे का नाई? तू तं मूळ उगाळून पाजतबी होती."

"मले ठाऊक नाई, पार्बते. तीस साल झाले, पन ठाऊक नाई. माळ लांबताना दिसे, म्हून दुसरं कायी पाह्यलंच नाई म्या." ती निंबाकडं पाहत राहिली. मंग हळूच म्हने, "घागर तं घरातच होती. सहदेव होता तवाबी होती."