हातोडी कुणाकडे?

वानखडे सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, पण बँकेत जायचं असलं तरी ते आधी परवानगी मागायचे. "म्याडम, मले घंटाभर सोडता का?" असं त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, तेव्हा ते माझी थट्टा करताहेत असंच मला वाटलं.

थट्टा नव्हती. शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायची हातोडी दर शनिवारी एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जायची. ज्याच्याकडे हातोडी, शाळा तो आठवडाभर त्याची. कुणी कोणता तास घ्यायचा, रजा कुणाला द्यायची, सगळं तोच ठरवणार. हातोडी घेणाऱ्याने मात्र त्या आठवड्यात शाळा सोडून जायचं नाही.

अनसिंगच्या पलीकडच्या या शाळेत इंग्रजीचे शिक्षक टिकत नसत. दिवाळीला घरी गेले की परतायचेच नाहीत. म्हणून सरांनी ही हातोडी फिरवायला सुरुवात केली होती. "माणूस पोटासाठी येते," ते म्हणायचे, "पण इचारलं त राह्यते." मी इंग्रजीची नवी शिक्षिका, अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वर्गाबाहेर तोंड न उघडणारी. पहिल्या आठवड्यात मी घाबरतच सरांना आठवी 'ब'चा शेवटचा तास दिला. तो वर्ग सगळेच टाळायचे. सर खडूने माखून बाहेर आले आणि म्हणाले, "घ्या! हातोडी दिली, आता भोगा लागन."

पुढे दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात हातोडी पुन्हा माझ्याकडे आली. पेपर चालू असताना संस्थेचे सचिव फाटकातून आत आले. शिरपूरला कुणा पुढाऱ्याचा सत्कार होता आणि मांडव रिकामा होता.

"वानखडे, घंटा वाजवा, दहावीची पोरं भायेर काढा. गाडी उभी हाय."

"हातोडी म्याडमकडं हाय," सर म्हणाले. "त्याईले इचारा."

"काल आलेली पोरगी शाळा चालवून राह्यली का?"

"हो जी. चांगली चालवून राह्यली."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की डोळ्यांनी खुणावलं नाही. खिडक्यांतून लिहिण्याचा आवाजही येईनासा झाला होता. मी हातोडी दोन्ही हातांनी धरली.

"पेपर संपल्याशिवाय घंटा होणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की सचिवांनी "काय?" म्हणून विचारलं आणि मला तेच पुन्हा म्हणावं लागलं.

ते सरांकडे बघत म्हणाले, "पाह्यतो तुमच्याकडं," आणि गेले.

"सर, तुम्ही मला काहीच का सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं त निर्णय माहा झाला असता."

महिन्याभरात सरांच्या बदलीचा आदेश आला. त्यांना जऊळक्याच्या बाजूला संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं होतं, तेही मुख्याध्यापकपद काढून. नवे मुख्याध्यापक सोमवारी येणार होते. ते सचिवांचे भाचे. त्याच आठवड्यात मला नागपूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं, तिथेही सोमवारीच हजर व्हायचं होतं. मी हे फक्त सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चांगली शाळा हाय."

त्या शनिवारी शेवटच्या तासाला मुलं मैदानावर होती आणि आम्ही कडुनिंबाखाली बसलो होतो. हातोडी मध्ये सतरंजीवर पडली होती. ती उचलणाऱ्याला सोमवारी नव्या साहेबांसमोर उभं राहावं लागणार होतं. गणिताचे देशमुख सर चप्पल बघत बसले. शिंदे बाई म्हणाल्या, "माह्यं पोरगं आजारी हाय."  हातोडी कुणी घ्यावी हे सांगायचा अधिकार वानखडे सरांनी स्वतःकडे कधीच ठेवला नव्हता.

मी हात पुढे केला.

"म्याडम," सर हळूच म्हणाले, "हातोडी घेतली त थांबा लागन. सोमवारी नागपूर हाय ना तुमचं?"

"होतं."

 सर उठले, सदऱ्याची धूळ झटकली आणि वर्गातल्या मुलासारखे माझ्यासमोर उभे राहिले.

"मंग मले सुट्टी द्या म्याडम. सोमवारपासून."

मी हातोडी उचलली. मुलं दप्तरं पाठीला लावून रुळाभोवती जमली होती.

"वाजवा," सर म्हणाले. "पोरं खोळंबले."

मी घंटा वाजवली.