साडू बाहेर बसले तेव्हा

जगातला प्रत्येक माणूस आपल्यापुढे तोंडी परीक्षेला बसलेला आहे, अशी माझ्या थोरल्या साडूंची पक्की समजूत आहे. पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते शस्त्रक्रिया शिकवायचे. निवृत्त होऊन मळवलीच्या बंगल्यात राहायला आले, पण परीक्षा काही थांबली नाही, फक्त परीक्षार्थी बदलले. मी लोणावळ्याहून सहज चहाला गेलो आणि पोटावरून हात फिरवला, की "नेमकं कुठं? एका बोटानं दाखवा," हे सुरू. अहो, भजी जास्त झाली होती, दुसरं काय असणार! जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुणार आणि ते छातीपुढे वर धरून, दार पाठीनं ढकलत पानावर येणार. फणस कापायचा मान दुसऱ्या कुणाला नाही. ते कापणार, आम्ही भोवती उभं राहायचं आणि सुरी आता कुठं जाईल ते सांगायचं. चुकलं की गरे सगळ्यांत शेवटी. कपड्यांची दोरी म्हणू नका, तांदळाचं पोतं म्हणू नका, सगळीकडे त्यांनी एका हातानं मारलेल्या ऑपरेशनच्या गाठी. बंगला सांभाळणाऱ्या मावशी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "लय गुनाचा मानूस हाय, पन त्यांनी बांधल्यालं आजवर कुनाला सुटलं न्हाई."

घरच्यांचे हाल तर विचारूच नका. मुलगा शाळेत असताना ताटात मटण आलं, की तो स्नायू कुठला हे सांगितल्याशिवाय रस्सा मिळत नसे. तो पुढे शाकाहारी झाला आणि कुसगावात हॉटेल काढून बसला, यात मला तरी काही नवल वाटत नाही. आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आमची ताई! दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नवरा वॉर्डात. मुलाच्या मुंजीला नवरा परीक्षक म्हणून परगावी, गुरुजी मुहूर्त धरून बसलेले आणि हे धापा टाकत शेवटच्या अक्षतांना हजर. कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "शिकवायला गेलेत." तेही अशा थाटात, की पुढचं विचारायची कुणाची हिंमत होऊ नये. मला मात्र तिच्यासाठी फार वाईट वाटे, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी भात निसवून लोंब्या बाहेर पडायच्या सुमाराला ताईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. काढायला हवी आणि लवकर काढायला हवी, हे साडूंपेक्षा जास्त कुणाला कळणार? जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. पण घरच्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही, हा दंडकही त्यांचाच. मग करणार कोण? त्यांनी शिकवलेले सर्जन पुण्यापासून तळेगावापर्यंत पसरलेले, पण एकही त्यांच्या नजरेत भरेना. एकाचा हात फार भरभर चालतो, दुसरा फार रेंगाळतो, तिसरा काम करताना बोलतो, चौथा बोलतच नाही. तळेगावची एक मुलगी टाके घालताना जीभ बाहेर काढते, म्हणून तीही बाद. रोज एक नाव निघायचं आणि संध्याकाळपर्यंत नापास व्हायचं. इकडे ताई वाळत चाललेली. मुलगा चिडला, मी समजावलं, माझी बायको रडली. साडू ढिम्म हलेनात.

शेवटी एका दुपारी ताईच बोलली. आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. घेवडा निवडता निवडता, मानही वर न करता ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही घरी नव्हतात. शिकवायला गेलात, असं मी सगळ्यांना सांगत आले. एकालाही शिकवलं नसेल, तर होतात कुठं?"

साडू उठून आत गेले आणि त्यांनी तळेगावच्या त्या मुलीला फोन लावला.

ऑपरेशनच्या दिवशी तळेगावच्या हॉस्पिटलात ती मुलगी सकाळीच थिएटरमधून बाहेर आली. मुलगी कसली, चष्मा लावलेली चांगली पोक्त बाई, पण साडूंपुढे अजून हात मागं बांधून उभी. "सर, आत या ना. तुम्ही असलात तर मला धीर येईल."

"मी आलो, तर तू मला दाखवायला करशील," साडू म्हणाले. "तिच्यासाठी कर."

ती आत गेली आणि साडू नातेवाइकांच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. अशा कितीतरी दारांमागे त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण बाहेरच्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. कसं बसायचं हेही त्यांना समजेना. मधेच उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. मी चहा आणला, तो हातातच गार झाला. एकदा मला हळूच म्हणाले, "इथं फारच वेळ लागतो हो."

दुपारी ती बाहेर आली. गाठ पूर्ण निघाली होती. कुठून छेद घेतला, कुठं जोडलं, हे ती सवयीनं सांगू लागली. साडूंनी तिला मधेच थांबवलं आणि विचारलं, "तिला कधी भेटता येईल?"

संध्याकाळी त्यांना आत सोडलं. मी दारातून पाहिलं. ताई गुंगीत होती आणि साडू तिचं मनगट धरून बसले होते. मला वाटलं, नाडी बघताहेत. पण घड्याळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते नुसताच हात धरून बसले होते.